काशीस गेल्यावर उतरावे कोठे?

गंगादशहऱ्याच्या निमित्ताने

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेस गंगादशहऱ्यास आरंभ होतो आणि दशमीस त्याची सांगता होते. आपल्याकडे गोदेच्या, कृष्णेच्या, भीमेच्या काठी हे दहा दिवस नदीच्या पूजनात, गंगालहरीच्या पठणात आणि कीर्तन-प्रवचनांत जातात. ज्यांना सवड आणि सामर्थ्य आहे अशी मंडळी प्रत्यक्ष भागीरथीच्या काठी जाण्याचा बेत करतात. मुलांच्या शाळांना सुटी असते, चाकरमान्यांना रजा मिळते, घरातील वडील माणसांची कित्येक वर्षांची इच्छा मनात असते. असा सर्व बाजूंनी योग जुळून येतो आणि ऐन उन्हाळ्यात काशीची तिकिटे काढली जातात.

निघण्यापूर्वी मंडळी आम्हांस भेटावयास येतात. विश्वनाथाच्या दर्शनाची वेळ कोणती, गंगाजल कोठून भरावे, अन्नपूर्णा आधी की कालभैरव आधी, असे नाना प्रश्न विचारतात. मात्र 'उतरावे कोठे?' हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो घरातील तरुण मुलाने मोबाईलवर घटकाभरात सोडविलेला असतो. खोलीची चित्रे सुरेख दिसली, भाडे परवडले, की काम झाले! आम्ही स्वतः तीर्थक्षेत्रीचेच रहिवासी. यात्रेकरू गावात कसा येतो आणि कसा परततो हे आमच्या डोळ्यांसमोर नित्य घडत असते. त्या अनुभवावरून आम्ही सांगतो की, यात्रा पदरी पडणार की नाही याचा निम्मा निकाल उतरण्याच्या जागेवर लागलेला असतो.

गंगालहरीकार जगन्नाथ पंडितांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ते काशीच्या घाटावर बसून स्तुती करू लागले आणि एकेका श्लोकासरशी गंगा एकेक पायरी वर चढत आली. बावन्न श्लोक झाले तेव्हा तिने त्यांना कवेत घेतले, असे परंपरा सांगते. पंडितांसाठी गंगा पायऱ्या चढली. आपल्या घरच्या सत्तरीतल्या आजीला मात्र त्या पायऱ्या स्वतःच उतरावयाच्या असतात आणि स्नानानंतर पुन्हा चढावयाच्या असतात. ज्येष्ठात तर गंगेचे पाणी अगदी खाली गेलेले असते. पावसाळ्यात जे घाट बुडून जातात त्यांच्या तळापर्यंतच्या पायऱ्या या दिवसांत उघड्या पडतात. आजी आणि गंगा यांच्यामधले अंतर वर्षातून सर्वांत जास्त असते ते याच दिवसांत, हे मुक्काम ठरविणाराने पहिल्याप्रथम ध्यानी घ्यावे.

पूर्वीची व्यवस्था

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडविला होता हे पाहणे उद्बोधक आहे. त्या काळी यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाच्या घरी उतरत असे. उपाध्यायाच्या वहीत आजा-पणजाची नावे, गाव, कुळ यांची नोंद असे. त्या वहीत स्वतःच्या आजोबांची स्वाक्षरी पाहून ज्यांचे डोळे पाणावले असे गृहस्थ आजही भेटतात. आपली भाषा जाणणारे, आपली खाण्यापिण्याची रीत ओळखणारे, सोवळे-ओवळे सांभाळणारे घर परमुलखात मिळावे ही त्यातली मोठी सोय होती.

म्हणून काशीत प्रांताप्रांतांचे मोहल्ले वसले. बंगाल्यांची बंगाली टोला, दाक्षिणात्यांची हनुमान घाट आणि केदार घाट यांच्या आसपासची वस्ती, नेपाळ्यांचा ललिता घाट; आणि आपली महाराष्ट्रीय मंडळी पंचगंगा, दुर्गा घाट व ब्रह्मा घाट या बाजूस. आपला संबंध तेथे जुना आहे. त्रिस्थळीसेतु हा प्रयाग, काशी व गया यांच्या यात्राविधीवरील प्रमाणग्रंथ लिहिणारे नारायणभट्ट हे पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातले. १६७४ मध्ये शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच कुळातले. नाथमहाराजांनी आपल्या भागवताची समाप्ती केली ती काशीतच, शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये. आजचे विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये उभारले ते पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी. तमिळनाडूच्या नगरत्तार समाजाने काशीत स्थापिलेले छत्र आजही यात्रेकरूंची सोय पाहते.

पंचक्रोशीची परिक्रमा ज्यांनी केली आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. सुमारे ८० किलोमीटरची ही वाट पाच मुक्कामांची आहे: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा. प्रत्येक मुक्कामी देवालय आहे, पाणी आहे आणि धर्मशाळा आहेत. मुक्काम हा परिक्रमेच्या विधीतच गोवलेला आहे. कोठे थांबावयाचे हे ठरविताना धट्ट्याकट्ट्या तरुणाची चाल प्रमाण धरलेली नाही; संसारी स्त्रीपुरुषांना, वृद्धांना झेपेल अशी मजल धरलेली आहे. यात्रेचा वेग संघातल्या सर्वांत हळू चालणाराने ठरवावयाचा, ही दृष्टी त्यामागे दिसते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या दिंडीतही हीच दृष्टी आहे.

आता काळ पालटला. २०२१ च्या डिसेंबरात काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. मंदिराचा परिसर प्रशस्त झाला, गंगेवरून थेट मंदिरात येण्याची वाट खुली झाली. त्याचबरोबर मंदिराभोवतीची अनेक जुनी घरे गेली आणि यात्रेकरूंची गर्दी कितीतरी वाढली. वडिलांच्या वहीतला जुना पत्ता घेऊन निघणाऱ्या मंडळींनी ते घर आज तेथे आहे की नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

मावंद्याच्या दिवशी

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतो. घर सुखवस्तू, मुले गुणी. आईची काशीयात्रा घडवावयाची म्हणून दोन्ही मुलांनी रजा काढल्या आणि आईला उन्हाचा त्रास नको या सद्हेतूने छावणी भागातले उत्तम, वातानुकूलित हॉटेल ठरविले. हेतूत काहीच खोट नव्हती. परंतु तेथून गंगा पाचसहा किलोमीटरांवर. सकाळी सर्वांचे आवरून निघेपर्यंत आठ वाजत, वाटेत वाहनांची कोंडी, गोदौलियाच्या अलीकडे गाडी अडविली जाई आणि पुढची वाट पायी. पहिल्या दिवशी आई कशीबशी विश्वनाथाच्या रांगेपर्यंत पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घेरी आली. तिसऱ्या दिवशी मुले म्हणाली, "आई, तू खोलीतच पडून राहा, आम्ही तुझ्या नावाने स्नान करून येतो."

यात्रेहून परतल्यावर त्या घरी मावंदे झाले. गंगापूजन झाले, शेकडा पान उठले. आम्ही सहज त्या माउलींना विचारले, "काय आजी, झाले ना मनासारखे?" त्या म्हणाल्या, "झाले हो. पुलावरून गंगा पाहिली. पाण्याला तेवढा हात लागला नाही." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. शेजारीच उभ्या असलेल्या थोरल्या मुलाने मान खाली घातली.

खर्च झाला, रजा गेली, प्रवास झाला. ज्यांच्यासाठी हे सारे केले त्या मात्र गंगेला स्पर्शही न करता परतल्या. असे पुष्कळ घरी घडते. फक्त मावंद्याच्या दिवशी ते बोलून दाखविले जात नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, मुक्काम ठरविताना संघातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला मध्ये बसवावे आणि एकच प्रश्न पुढे ठेवावा: 'पहाटे उठून ही व्यक्ती आपल्या पायांनी गंगेपर्यंत जाऊन परत येऊ शकेल काय?' ज्या जागेविषयी याचे उत्तर होय असे येईल ती जागा आपली. बाकीचे गुण त्यानंतर पाहावेत.

खोली दुपारसाठी असते

उन्हाळ्यातील यात्रेकरूचा दिनक्रम हिवाळ्यातल्यासारखा नसतो. ज्येष्ठात काशीस सूर्योदय पाचच्या सुमारास होतो. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. सूर्य उगवला की त्याचे ऊन समोरून थेट पायऱ्यांवर येते आणि नऊ-दहा वाजेपर्यंत दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. उलट, दुपार कलली की मागच्या उंच इमारतींची सावली घाटांवर उतरू लागते. यावरून दिवसाची आखणी आपोआप होते. पहाटे साडेतीन-चारला उठावे, उजाडताना स्नान करावे, दर्शन घेऊन नऊच्या आत परतावे, दुपारभर विसावा घ्यावा आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडावे.

म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खोलीतच जावयाचे. म्हणून उन्हाळ्यात खोली निवडावी ती दुपारसाठी. बाहेर पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो, लू वाहत असते, आणि त्या वेळी वृद्ध व मुले त्या चार भिंतींत असतात. सर्वांत वरच्या मजल्यावरून गंगेचे दर्शन घडते खरे, पण गच्चीखालची ती खोली दुपारी भट्टीसारखी तापते आणि जिना चढून जावे लागते ते वेगळेच. काशीच्या पक्का महालातील जुनी घरे चुनारच्या दगडाची, जाड भिंतींची आहेत. त्यांतील खालच्या मजल्याच्या खोल्या साध्या पंख्यावरही सोसतील इतपत गार राहतात. त्या भागातले बोळ अरुंद असल्याने उन्हातही तेथे सावली असते. वाहन आत येत नाही ही त्या बोळांची अडचण, आणि ऊन आत येत नाही हा त्यांचा गुण.

जागा ठरविण्यापूर्वी फोन करून पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. वाहन जेथे थांबते तेथून दारापर्यंत किती चालावे लागते? खोली कोणत्या मजल्यावर, उद्वाहन आहे की जिना, पायऱ्या किती? वीज गेल्यास पंखा चालू राहण्याची सोय आहे काय? दुपारी नळाला पाणी असते काय? गुडघे धरलेल्या माणसास बसता येईल असा कमोड आहे काय? पहाटे चार वाजता मुख्य दार उघडून मिळेल काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण दार सहाला उघडणाऱ्या जागी उतरलेल्या यात्रेकरूची गार वेळ तेथेच संपते.

उन्हाचे भय आम्ही उगाच घालीत नाही. २०१९ च्या जून महिन्यात बिहारमध्ये उष्णतेच्या लाटेने अनेकांचे प्राण घेतले, तेव्हा गयेत जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा आदेश काढून लोकांना भर दुपारी घराबाहेर पडू नका असे सांगावे लागले होते. दशहऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निर्जला एकादशी येते. यात्रेच्या शिणात, अशा उन्हात, वृद्धांनी पाण्याचा थेंबही न घेण्याचा हट्ट धरू नये. बाल, वृद्ध आणि रुग्ण यांना शास्त्राने उपवासाच्या नियमांत सवलत दिलेली आहे. ती घेण्यात न्यून नाही. ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे किंवा ज्यांना हृदयाचा विकार आहे, त्यांना सुटीच्या सोयीसाठी ज्येष्ठात नेण्यापेक्षा कार्तिकात न्यावे. कार्तिकातही काशी तीच आणि गंगाही तीच.

काशीत कोणती बाजू?

दक्षिणेकडे अस्सी घाट. येथे रस्ता घाटाच्या अगदी जवळ येतो, जागा मोकळी आहे. विश्वनाथ येथून सुमारे तीन किलोमीटर दूर पडतो. परंतु पहाटे नावेतून दशाश्वमेधापर्यंत जाता येते. गुडघेदुखीच्या माणसांसाठी आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ही बाजू सोयीची.

मध्यभागी दशाश्वमेध आणि गोदौलिया. विश्वनाथ, अन्नपूर्णा आणि सायंकाळची गंगेची आरती, सर्व येथून हाकेच्या अंतरावर. ज्यांना पहाटे तीनच्या मंगला आरतीस जावयाचे आहे त्यांना ही जागा सोडून गत्यंतर नाही. मात्र गर्दी, कोलाहल आणि भाडे या तिन्हींचा कळस येथेच. ऐन दशमीच्या दिवशी येथे येऊन थडकणे वृद्धांना सोसणारे नाही. दोन दिवस आधी पोहोचावे, आणि दशमीचे स्नान गर्दीच्या घाटाचा आग्रह सोडून आपल्या मुक्कामाजवळच्या लहानशा घाटावर करावे. दशाश्वमेधाखालून जे पाणी वाहते तेच उत्तरेकडे पुढच्या घाटांना मिळते.

उत्तरेकडे पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. आपली जुनी महाराष्ट्रीय वस्ती ती हीच. बिंदुमाधव येथे, कालभैरव येथून जवळ. मैदागिनच्या बाजूने यावे लागते आणि शेवटचा टप्पा बोळांतून पायी काढावा लागतो. घाट उंच आणि पायऱ्या उभ्या आहेत हे लक्षात ठेवावे. पण चालत्या-फिरत्या मंडळींना, शांतपणे जप-पारायण करू इच्छिणारांना आणि मराठी बोलणारा उपाध्याय हवा असेल त्यांना येथला मुक्काम मानवतो.

स्थानकाजवळचा किंवा छावणी भागातला मुक्काम एक रात्र काढून पुढे जाणाऱ्यास ठीक. ज्याला काशीत राहावयाचे आहे त्याच्या तो उपयोगाचा नाही.

प्रयाग आणि गया

त्रिस्थळीची यात्रा करणारांनी एक भेद ओळखावा. काशीत स्नान रोजचे, म्हणून तेथे मुक्काम गंगेजवळ हवा. प्रयागास बहुतेक मंडळी एक दिवस राहतात आणि संगमस्नान एकदाच करतात. तेथे दारागंजात, वेणीमाधवाच्या सान्निध्यात राहणे पुण्यप्रद खरेच. पण वृद्ध बरोबर असतील तर शहरातल्या सोयीच्या जागी उतरून पहाटे वाहनाने नावेच्या घाटापर्यंत जाणेही योग्यच. उन्हाळ्यात संगमावर माघमेळ्याचे तंबू नसतात आणि वाळवंटात सावली नसते. म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी नावेतून संगमी जावे आणि लगेच परतावे.

गयेचा हिशेब आणखी निराळा. तेथे श्राद्धकर्म सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालते, आणि कर्त्याने तोपर्यंत अन्न घेतलेले नसते. १७८७ मध्ये अहिल्याबाईंनी बांधविलेले विष्णुपद मंदिर जुन्या शहराच्या दाट वस्तीत आहे. पिंडदान आटोपून, उपाशीपोटी, बाराच्या उन्हात चार किलोमीटरांवरच्या स्थानकाजवळच्या खोलीवर परतण्यापेक्षा विष्णुपदाच्या जवळपास साधी जागा मिळाली तर तीच घ्यावी. भारत सेवाश्रम संघासारख्या संस्थांची यात्रीनिवासे गया, काशी व प्रयाग या तिन्ही ठिकाणी आहेत. तेथेही चौकशी करावी.

सारांश, स्थळाचे नाव पाहून मुक्काम ठरवू नये. तेथे कोणते कर्म, कोणत्या वेळी, कोणाच्या हातून व्हावयाचे आहे हे पाहून ठरवावा.

फसवणुकीपासून सावध

भाविकाला फसविणे सोपे असते, कारण तो श्रद्धेने पैसे देतो. नामांकित धर्मशाळा व भक्तनिवासांच्या नावे खोटी संकेतस्थळे उघडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार वाढले आहेत. २०२५ च्या एप्रिल महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना तसा जाहीर इशाराही दिला होता. म्हणून क्रमांक संस्थेच्या अधिकृत पत्रकावरून किंवा तेथे जाऊन आलेल्या माणसाकडून घ्यावा, प्रत्यक्ष बोलावे, पावती मागावी, आणि एखाद्या खाजगी व्यक्तीच्या खात्यावर सर्व रक्कम आगाऊ पाठवू नये. स्थानकाबाहेर 'तुमची धर्मशाळा भरली, मी दुसरी दाखवितो' असे सांगणारा रिक्षावाला भेटला, तर आधी आपल्या जागी फोन करून विचारावे.

धर्मशाळांचेही नियम असतात. बहुधा तीन दिवसांहून अधिक राहू देत नाहीत, ओळखपत्र पाहतात, काही ठिकाणी एकट्या माणसास खोली देत नाहीत. हे आधी विचारून ठेवले म्हणजे दारात वाद होत नाही. आणि एक विनंती. ज्यांना हॉटेलाचे भाडे सहज परवडते त्यांनी भर गर्दीच्या दिवसांत धर्मशाळेतली स्वस्त खाट अडवू नये. ती दुसऱ्या कोणासाठी तरी राहू द्यावी. उतरलेच, तर निघताना तेथील पेटीत आपल्या ऐपतीप्रमाणे टाकून यावे. ज्याने ती वास्तू बांधली त्याने आपल्याला न पाहताच आपली सोय केलेली आहे.

व्यासांना काशी का सोडावी लागली?

इतके करूनही अडचणी येणारच. खोली चित्रातल्यासारखी निघणार नाही, पाणी जाईल, मुले किरकिरतील, रांगेत चार तास मोडतील. अशा वेळी काय करावे याचे उत्तर काशीखंडातल्या व्यासांच्या आख्यानात आहे.

भगवान व्यास शिष्यांसह काशीत राहत होते. त्यांची परीक्षा पाहावी असे विश्वनाथाच्या मनात आले. त्या दिवशी व्यास भिक्षेस निघाले, तो कोणत्याच दारी भिक्षा मिळेना. दुसऱ्या दिवशीही तेच. शिष्य भुकेने व्याकुळ झालेले. ज्यांनी वेदांचे विभाग केले, महाभारत रचिले, त्या व्यासांचाही संयम सुटला आणि काशीवासीयांना विद्या, धन आणि मुक्ती तीन पिढ्या लाभणार नाही असा शाप त्यांच्या मुखातून बाहेर पडला. तेवढ्यात एका घराच्या दारातून एका गृहिणीने त्यांना हाक मारली. सर्वांना आसने मांडून, पोटभर जेवू घातले. ती साक्षात् जगदंबा होती. जेवण झाल्यावर त्या घरच्या वृद्ध यजमानाने विचारले, "महाराज, तीर्थात राहणाराचा धर्म कोणता?" व्यासांनी शांती, क्षमा, परहित असे सर्व सांगितले. यजमान म्हणाले, "यांपैकी आज आपल्या ठायी काय होते?" व्यास निरुत्तर झाले. विश्वनाथाने त्यांना काशीबाहेर राहण्याची आज्ञा केली. अष्टमी आणि चतुर्दशीस तेवढे आत येण्याची मुभा दिली. गंगेपलीकडे रामनगरच्या किल्ल्यात व्यासांचे स्थान आजही आहे. तेथे उभे राहिले की पाण्यापलीकडे काशी दिसते.

उन्हात, उपाशीपोटी, परगावी निघालेल्या एका कठोर शब्दापायी प्रत्यक्ष व्यासांचा काशीतला मुक्काम सुटला! मग आपली काय कथा? दशहरा म्हणजे दहा पातकांचे हरण करणारा. शास्त्रकारांनी ती दहा पातके मोजून दाखविली आहेत: तीन देहाची, चार वाणीची आणि तीन मनाची. वाणीच्या चारांत पहिले आहे ते पारुष्य, म्हणजे कठोर बोलणे. मग असत्य, चहाडी आणि निरर्थक बडबड. चौघांपैकी पारुष्य यात्रेच्या मुक्कामी सर्वांत अधिक घडते. व्यवस्थापकावर, खोली झाडणाऱ्या पोरावर, रिक्षावाल्यावर, आणि बहुतेक वेळा आपल्याच घरच्या सुनेवर किंवा वृद्ध आईवर. पहाटे गंगेत दहा पातके धुवावयाची आणि दुपारी खोलीवर येऊन त्यांतले एक पुन्हा पदरी बांधावयाचे, असा व्यवहार होऊ नये.

म्हणून खोली निवडतानाच अशी निवडावी की जेथे चिडचिड कमी होईल. थोडी गार, थोडी जवळ, पाणी असलेली, पहाटे दार उघडणारी. गैरसोयीत राहिले म्हणजे अधिक पुण्य लाभते ही समजूत बरोबर नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे फळ सांगितले आहे ते ज्याचे हात, पाय आणि मन संयमित आहेत त्याला. त्या संयमास साहाय्य करील असा मुक्काम ही चैन समजू नये. ते यात्रेचे साधनच आहे.

दशहऱ्याच्या पहाटे वृद्ध आईचा हात धरून शेवटच्या पायरीपर्यंत नेणे, तिला पाण्यात टेकून बसविणे, तिच्या डोक्यावर तीन ओंजळी घालणे आणि सूर्य वर चढण्यापूर्वी तिला परत खोलीवर आणून निजविणे, एवढे ज्या घरास साधेल त्या घराची यात्रा पूर्ण झाली असे आम्ही समजतो. दर्शनाची एखादी रांग राहिली तरी राहू द्यावी. विश्वनाथ समजून घेतो. या वर्षी जे निघाले आहेत त्यांस भागीरथी सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो. आणि ज्यांना जाणे घडणार नाही त्यांनी घरच्या तांब्यातल्या पाण्यात तिचे आवाहन करून, त्याच हातांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना स्नान घालावे.